गिनतीत एक कमी

देवानं माणसाला पाय दिले ते चालायला, आणि चालून झाल्यावर ते दुमडून बसायला मांडी दिली, ही बातमी ज्याच्या कानापर्यंत आजवर पोचलेली नाही असा साऱ्या वऱ्हाडात एकच प्राणी आहे आणि तो माझा मित्र आहे. मित्र तरी कसा, तर ओळख होऊन दोन वर्षं झाली तरी मी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि त्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं. त्याचा आवाज मात्र मी बाजारातल्या शंभर आवाजांतून ओळखला असता, कारण तो आवाज कधी एकटा यायचा नाही. त्याच्यासोबत धाप यायची, चपलांचा फटफटाट यायचा, मागे लागलेलं कुत्रं यायचं, आणि मधेच 'थांबा भाऊ, नाला आला' असं म्हणून उडी मारल्याचा धप्प आवाजही यायचा.

हे जमलं ते माझ्या डॉक्टरांमुळे. अकोल्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी दहाला मी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसतो तो आठला उठतो, आणि लोकांची दृष्टी सुधारता सुधारता माझं पोट काउंटरला टेकायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला. पुतणीनं मोबाईलमध्ये पावलं मोजणारं एक ॲप टाकून दिलं. त्या ॲपला अशी खोड होती, की जवळपासची अनोळखी माणसं गोळा करून ते त्यांची टोळी बांधायचं आणि संध्याकाळी कोण किती चाललं ते सगळ्यांना सांगायचं. त्यातच एकमेकांना लेखी नाहीतर आवाजी निरोपही पाठवता यायचे. आमच्या टोळीत आम्ही नऊ जण होतो, अमरावती आणि अकोल्याकडचे. नाव पडलं 'वऱ्हाडी पाय'. खरी नावं कोणी घातली नव्हती. मी गमतीनं 'मंदगती' असं घातलं होतं. ते इतकं खरं ठरेल असं वाटलं नव्हतं. अमरावतीच्या एका दवाखान्यातल्या नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. अकोल्याचेच एक निवृत्त पोस्टमन होते, ते रोज मोजून चार हजार पावलं चालत, एक कमी नाही की एक जास्त नाही, म्हणून आम्ही त्यांना 'चारहजारी काका' केलं होतं. आणि यादीत कायम पहिल्या नंबरावर, आमच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त पावलं घेऊन, हा बसलेला असायचा. बसलेला चुकून म्हणालो. त्यानं घेतलेलं नाव होतं 'भिंगरी'.

अमरावतीजवळच्या खेड्यात त्याच्या घरची फुलांची आणि भाजीची शेती. आई रोज अमरावतीच्या बाजारात फुलं घेऊन बसते. घरी माल न्यायला छोटी गाडी होती, पण हा शेवंतीचं टोपलं डोक्यावर घेऊन पायीच निघायचा, आणि त्याचं म्हणणं असं की गाडी सुरू होईपर्यंत त्याची फुलं विकून झालेली असत. तो जेवायचाही चालता चालता. आई पहिली भाकरी चुलीपाशी वाढायची, तर दुसरी घेऊन तिला गोठ्यापर्यंत जावं लागे. एकदा ती सहज म्हणाली, मोझरीला जाऊन लय दिवस झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे हा पायी गुरुकुंजाला जाऊन, समाधीवर डोकं ठेवून, संध्याकाळी प्रसादाची पुडी घेऊन परत. आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अरे, मले न्यायचं होतं बाप्पा!" ही हकिकत त्यानं आम्हाला ऐकवली ती मोझरीहून परतताना नव्हे, तर आईला घेऊन दुसऱ्यांदा मोझरीला जाताना. आई एसटीत होती, हा अर्थातच नव्हता.

आम्हाला सुखानं बसू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुपारी दोन वाजता, अकोल्याच्या उन्हात डांबर पातळ झालेलं असताना, माझा फोन वाजायचा. "भाऊ, अठराशेच पावलं? तुमी गिऱ्हाइकाले बसवा अन् त्याच्याभोवती फिरून फिरून चष्मे दाखवत जा नं!" मी एकदा तसं करून पाहिलं. गिऱ्हाईक घाबरून न घेताच गेलं. सिस्टरबाईंना तो म्हणायचा, लिफ्टनं जाऊ नका. सिस्टरबाई म्हणायच्या, अरे बाबा, पेशंटला खाटेसकट जिन्यानं नेऊ का? पण त्याची खरी लढाई चारहजारी काकांशी. "काका, आज चार हजार एक करा. एकच पाऊल. माह्या नावाचं." काका सावकाश टाईप करून उत्तर द्यायचे. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, त्यांना कसलीच घाई नव्हती. "चार हजार म्हंजे चार हजार. बाकीचे उद्याले ठेवले." मग हा चिडून चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा आणि काका त्यावर फक्त लिहायचे, "पोट्ट्या, पानी पी."

तो भरतीची तयारी करत होता आणि एक दिवस लागला. लष्करात. मला तर वाटलं, लष्कराचं भाग्य उजळलं. निघण्याआधी त्यानं शेवटचा निरोप पाठवला: तिकडं गेल्यावर मोबाईल जमा करून घेतात, कधी मिळेल सांगता येत नाही, आपली टोळी मोडू नका. काकांनी लिहिलं, "जा. आमी हाओच."

आणि त्याची पावलं शून्य झाली. आयुष्यात सगळ्यांत जास्त तो त्या महिन्यांत पळत असणार, पण मोजणारा फोन कुठल्या तरी पेटीत बंद. ॲप बिचारं काय जाणे! ते दर सोमवारी मला कळवायचं, 'तुमचा मित्र भिंगरी बरेच दिवस चाललेला नाही. त्याला थोडं प्रोत्साहन द्या.' मी दुकानात एकटाच हसायचो.

दोनेक महिन्यांनी आणखी एका नावापुढे शून्य दिसायला लागलं, आणि ते काकांचं होतं.

इथून पुढचं सांगताना मला जरा जड जातं. सिस्टरबाईंनी एकदा विचारलं, काका दिसत नाहीत? दर्यापूरच्या एकानं लिहिलं, गेले असतील मुलाकडे. मी त्यावर वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. काका अकोल्याचे, मीही अकोल्याचा. मनात यायचं, कुठं राहतात बघावं. पण नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, आणि शोधून काढून म्हणायचं तरी काय, की मी मंदगती? रोज संध्याकाळी यादी उघडली की ते शून्य डोळ्यांत खुपायचं. मी यादी मिटायचो. मग पुन्हा उघडायचो. खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचो, रस्ता बघायचो, परत येऊन बसायचो. असे तीन-चार महिने गेले. एवढीच येरझार मी काकांच्या दिशेनं केली असती तर केव्हाच पोचलो असतो.

मग एका सकाळी फोन थरथरत काउंटरवरून खाली पडला. एकामागून एक आवाजी निरोप येत होते. भिंगरी परत आला होता! प्रशिक्षण संपलं होतं, कसम परेड झाली होती, तिरंग्यासमोर शपथ घेतली होती, सुट्टी मिळाली होती, आणि गाडीत बसल्या बसल्या, म्हणजे गाडीत इकडून तिकडे फिरत, त्यानं सहा महिन्यांचं सगळं एका दमात ओतलं. केस किती कापले ते, कवायत घेणाऱ्या उस्तादानं शिक्षेचा रगडा कसा दिला ते, पिठ्ठू म्हणजे पाठीवरचं ओझं घेऊन पळताना आमची कशी आठवण आली ते. "भाऊ, उस्ताद म्हने, जो चुपचाप उभा राहीन थोच खरा जवान. एक घंटा सावधानात उभं केलं. मले वाटलं मी मरतो! पन राह्यलो उभा. तुमची कसम." मी लिहिलं, विश्वास बसत नाही. त्यानं लिहिलं, माझाही.

पण त्याच्या बोलण्यात काहीतरी नवं आलं होतं, ते संध्याकाळी कळलं. त्यानं हुकूम सोडला, की गिनती होईल. त्यांच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ रांगेत उभं करून माणसं मोजतात म्हणे. एकानं 'एक' म्हणायचं, पुढच्यानं 'दोन'. तशी प्रत्येकानं आपल्या आवाजात आपला आकडा पाठवायचा. आम्ही पोरांसारखे पाठवत सुटलो. दर्यापूरवाल्यानं गडबडीत दोनदा 'चार' पाठवलं. सिस्टरबाई वॉर्डातून हळूच 'सहा' म्हणाल्या. मी 'आठ' म्हणालो आणि थांबलो.

त्याचा निरोप आला. "नऊवा कोठी हाय?"

मिनिटभरानं त्याचाच दुसरा निरोप आला.

"काका कोठी हायेत?"

मी लिहिलं, चार महिन्यांपासून त्यांची पावलं येत नाहीत.

"माहीबी येत नोयती. शून्य तं मीबी होतो नं, भाऊ. शून्य म्हंजे मानूस सरला का? शोधलं कोनं?"

मग त्यानं मला एकट्याला निरोप टाकून दुकानाचा पत्ता मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करायला गेलो तर पायरीवर एक पोरगा येरझारा घालत होता. डोक्यावर केस नव्हते म्हटलं तरी चालेल. मला वाटलं होतं तो उंचापुरा असेल. हा माझ्या कानापर्यंतच येत होता, पण ताठ असा की मीच त्याच्याकडे वर बघतोय असं वाटलं. बडनेऱ्याहून पहिली गाडी पकडून आला होता. मला पाहताच टाचा जुळवल्या, मग त्या विसरून गळ्यात पडला. "भाऊ! तुमी तं आवाजापेक्षा जाडे हा!"

मी म्हटलं, बस, चहा मागवतो. ही माझी चूक. चहा येईपर्यंत त्यानं माझ्या दुकानातल्या सगळ्या फ्रेमा एका रेषेत लावल्या, काळ्या डावीकडे, सोनेरी उजवीकडे, दांड्या आत. मग माझी नखं पाहिली. मग आरशावरची धूळ पुसली. एक म्हातारं गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाला, "काका, मान सरळ, नजर समोर!" आणि त्या गृहस्थांनी खरोखर मान सरळ केली. चहा त्यानं उभ्यानं, तीन घोटांत संपवला.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"काका पोस्टमन होते नं? मंग पोस्टात इचारू."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. चार महिन्यांत मला ही गोष्ट सुचली नव्हती. खरं बोलायचं तर मी ती सुचू दिली नव्हती.

माझ्या दुकानासमोरच्याच पोस्टात खिडकीतल्या बाईंनी एका जुन्या पोस्टमनला हाक मारली. आम्ही वर्णन केलं: सावकाश बोलणारे, रोज ठरल्याएवढंच चालणारे. तो म्हणाला, "हाव, मालूम हाय नं. जुन्या शहरात राहतात. पन त्याईच्याकडे काहून जाता? त्याईचं..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं पत्ता सांगितला. "जा, भेटून घ्या." ऑटो मिळत होता, पण हा चालायलाच लागला होता, आणि मी त्याच्या मागे अर्धा धावत मोर्णा नदीचा पूल ओलांडला. काकांच्या दारात पोचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. माझ्या दुकानापासून वीस मिनिटं.

सुनेनं दार उघडलं. आत खाटेवर काका उशाला टेकून बसले होते, कमरेखाली चादर. मी त्यांनाही पहिल्यांदाच पाहत होतो, पण ओळखू आले. चेहऱ्यावरही घाई नव्हती.

पोरगा दारात सावधान उभा राहिला. "काका. भिंगरी."

काकांनी आधी चादर वर ओढली. मग म्हणाले, "आला का रे? अन् काहून आला बाप्पा इतक्या दूर?"

"गिनतीत एक कमी भरला."

"मी आता गिनतीतला नाई रे." काका सुनेकडे पाहून ओशाळं हसले. "साखरेनं पाय खाल्ला. उजवा. घोट्याच्या वरून काढला. चालनाऱ्याइच्या टोळीत माह्यं काय काम? नाव काढून टाकाचं होतं, पन थे कसं काढतात थे मले समजलं नाई."

मग माझ्याकडे वळले. "हे कोन?"

"मंदगती," मी म्हणालो.

"अस्सं! तुमी बी अकोल्याचेच नं? दुकान कोठी?"

मी सांगितलं.

"म्हंजे पुलाच्या तिकडल्या बाजूलेच की," काका अगदी साधेपणानं म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, आणि म्हणूनच मला खाली बघावं लागलं.

आणि मग मी जे पाहिलं ते त्याच्या आईला सांगितलं असतं तर तिनं मानलं नसतं. तो बसला. खाली फरशीवर, मांडी घालून. त्यानं चादर बाजूला केली, काकांचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि उजेडाकडे वळवला. काका म्हणाले, अरे, काय करतोस, सोड. "चूप बसा," तो म्हणाला. "आमच्या इथी रोज पाय तपासतात. एक फोड आला तं उस्ताद आपल्याले नाई, आपल्या बाजूवाल्याले बोलते, की तुया जोडीदाराचा पाय तू काहून नाई पाह्यला." त्यानं प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहिलं. टाचेला एक भेग होती. त्यानं सिस्टरबाईंना व्हिडिओ लावला आणि फोन त्या भेगेवर धरला. तिकडून सिस्टरबाई कडाडल्या, "काका, हे कधीपासून? कोणाला दाखवलं? एक गेला त्यातून काही शिकलात की नाही?" मग त्या हळूच म्हणाल्या, "आम्हाला एक निरोप टाकायचा नं हो, काका." उद्याच अमरावतीहून येते म्हणाल्या, आणि तोपर्यंत काय लावायचं ते सुनेला सांगितलं.

कोपऱ्यात धरून चालायची चार पायांची घोडी होती. तिच्यावर नातवंडांचे कपडे वाळत होते. सून म्हणाली, "महिना झाला आनली. हातच लावत नाईत."

पोरगा उठला. कपडे काढून घड्या घातल्या, अगदी एकसारख्या, आणि घोडी खाटेपाशी आणली. "काका, दारापर्यंत. दहा पावलं."

"जमत नाई रे."

"दहा."

"चार," काका म्हणाले.

"आठ."

"पाच. अन् बाकीचे उद्याले."

सौदा सहावर पटला. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. पहिल्या पावलाला काका थरथरले आणि माझा दंड असा आवळला की बोटांचे वळ दोन दिवस राहिले. पोरगा तोंडानं मोजत होता, पण त्याचा आवाज आज बारीक होता. एक. दोन. सुनेनं पदर तोंडाला लावला होता. सहाव्याला दाराची चौकट हाताशी आली आणि काकांनी बाहेरच्या गल्लीत पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी पाहत असावेत. "समोरच्यानं रंग दिला वाटते घराले," ते म्हणाले. परत येऊन बसल्यावर त्यांच्या खिशातल्या फोननं हिशेब दाखवला: एकोणीस पावलं. थरथरलेलं सगळं त्यानं मोजलं होतं. पोरगा चिडला. "खोटं हाय! जाऊन येऊन बाराच झाले!" आणि काका इतके हसले, की सून पाणी घेऊन धावली.

परतताना पुलावर तो थांबला. मोर्णेत पाणी थोडंच होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. तो कठड्याला टेकला. मला वाटलं, आता शाबासकी मागेल.

"भाऊ, माह्या बाजूच्या खाटेवर एक होता. राजस्थानाकडचा. दोन महिने आमी जोडीदार होतो. त्याचा पाय मी पाहो, माहा थो पाहे. पळता पळता त्याचा गुडघा मोडला अन् त्याले घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिनती झाली. मले वाटलं एक कमी भरन. पन बराबर भरली. उस्तादानं आकडाच कमी केला होता. मी त्याच्या जागेवर सरकलो, भाऊ. बराबर भरली." तो खाली पाण्याकडे बघत होता. "त्याचं गाव मले मालूम नाई. फोन आमचे जमा होते. नंबर घ्याचा राहून गेला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यात तो हलला. "चला, तुमाले दुकान उघडाचं हाय."

सुट्टी संपेपर्यंत तो आणखी चारदा काकांकडे येऊन गेला. त्यातल्या एकदा आईला घेऊन आला. तिनं काकांच्या घरी झेंडूची पाटी उतरवली आणि सुनेपाशी तक्रार केली, "घरी असला तं जीवाले ताप, अन् गेला तं करमत नाई." मग त्याला बोलावणं आलं आणि तो गेला. कुठं, ते तो सांगत नाही. खूप उंचावर आहे एवढंच कळतं. कधी रविवारी दोन मिनिटं बोलतो, तेवढ्यात सगळ्यांची चौकशी करून घेतो, आणि वाक्य अर्धं असताना आवाज जातो. त्या राजस्थानकडच्या पोराचा पत्ता त्याला अजून लागलेला नाही. विचारून राहिलो, म्हणतो.

रविवारी दुकान बंद ठेवून मी पूल ओलांडतो. काका आता गल्लीच्या टोकापर्यंत जातात, नवा पाय बसवायचं चाललंय. डावा मी तपासतो. मला ते नीट जमत नाही, काका सांभाळून घेतात. मागल्या रविवारी गेलो तेव्हा उन्हानं जीव नकोसा झाला होता. कूलर घरघरत होता, त्यातून गरमच हवा येत होती, सुनेनं वाळ्याच्या ताट्या भिजवून दाराला लावल्या होत्या. आम्ही दोघं बनियनवर बसून घाम पुसत होतो. मग काकांनी पंचानं मान पुसली आणि दाराकडे बघत विचारलं,

"काहो, तिकडे त्याले थंडी वाजत असन का?"